स्पोर्ट्स कारचे रनफ्लॅट उतरवून साधे टायर घालताना

साताऱ्यात दोन सीटांची, छत उघडणारी गाडी ठेवायची म्हणजे निव्वळ हौस. पोवई नाक्यावर गाडी जरा थांबली की कुणीतरी विचारतंच, "ॲव्हरेज काय देते?" टायर काय देतात, हे मात्र कुणी विचारत नाही. आणि खरी झोप उडवली ती टायरांनीच.

माझी गाडी बीएमडब्ल्यू झेड-४, २००९ ते २०१६ या काळात निघालेल्या ई-८९ पिढीतली ३५आय. पुण्यातून सेकंडहँड घेतली तेव्हा चारही टायर रनफ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारे होते आणि डिकीत स्टेपनी नव्हती. कंपनीनेच दिलेली नाही. ऊसतोडीच्या हंगामात शेंद्र्याजवळ सर्व्हिस रोडच्या एका खड्ड्यात पुढचं चाक आपटलं, टायरच्या कडेला लिंबाएवढा फुगा आला, आणि तिथून पुढचे दोन महिने मी टायर या एकाच विषयावर काढले. त्यात चुकाही केल्या. तुमच्या होऊ नयेत म्हणून हे क्रमवार लिहितो. आकडे माझ्या गाडीचे आहेत, पद्धत मात्र रनफ्लॅटवर आलेल्या कुठल्याही गाडीला चालेल.

१. आधी ठरवा, रनफ्लॅट काढायचेच आहेत का?

रनफ्लॅटची कड आतून जाड रबराने भरलेली असते. हवा पूर्ण गेली तरी ती कडच गाडीचं वजन पेलते. सर्वसाधारण हिशेब असा की शून्य हवेवर ताशी ८० किलोमीटरच्या आत राहून ८० किलोमीटर जाता येतं. बदल्यात टायर जड होतो, खड्डा सरळ कमरेत बसतो आणि आवाजही वाढतो.

आता हे ८० किलोमीटर साताऱ्याच्या नकाशावर ठेवून बघा. कासहून परत यायला पुरतात. महाबळेश्वरहून मेढामार्गेही पुरतात. कराडहून येता येईल, खंबाटकीहूनही येता येईल. पण साताऱ्यातून पुणं ११० किलोमीटरच्या आसपास, तिथे पुरत नाहीत. आणि साताऱ्यात पोचल्यावर? त्या मापाचा रनफ्लॅट इथल्या दुकानात मिळत नाही, मागवावा लागतो. म्हणजे टायर तुम्हाला घरापर्यंत आणतो आणि मग गाडी आठवडाभर घरासमोर उभी. शिवाय हवा नसताना चालवलेला रनफ्लॅट आतून किती भाजलाय हे बाहेरून कळत नाही, म्हणून बहुतेक कंपन्या असा टायर दुरुस्त करू नका म्हणतात. एका खिळ्यात अख्खा टायर गेला.

तरीही काहींनी रनफ्लॅटच ठेवावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. रात्री-अपरात्री एकट्याने हायवेने जाणारे, रस्त्यात उतरून काही करण्याची इच्छा किंवा ताकद नसलेले, आणि ज्यांचं जाणं-येणं पुणे-मुंबई पट्ट्यातच आहे असे लोक. अचानक हवा गेली तरी रनफ्लॅट रिमवर टिकून राहतो आणि गाडी ताब्यात राहते. हा गुण लहान नाही.

२. टायर बघण्याआधी पंक्चरचा बंदोबस्त करा

सगळे हा क्रम उलटा करतात, मीही केला. नवे टायर बसले, गाडी मऊ झाली, मी खुश. चौथ्या दिवशी लक्षात आलं की रनफ्लॅट हीच माझी स्टेपनी होती आणि ती मी उतरवून गोदामात टाकली आहे.

स्टेपनी ठेवता येईल का? मी प्रयत्न केला. त्याच कंपनीच्या दुसऱ्या गाडीचं बारीक, तात्पुरतं चाक मिळतं. पण नुसते पाच बोल्ट जुळून भागत नाही. माझ्या गाडीला ५ बाय १२० ची बोल्टांची मांडणी आणि ७२.६ मिलिमीटरचं मधलं भोक लागतं, चाकाची एकूण उंची जवळपास तीच हवी, आणि रिम पुढच्या ब्रेकच्या कॅलिपरला घासता कामा नये. विकत घेण्याआधी पुढे आणि मागे प्रत्यक्ष लावून, हाताने फिरवून बघा. हे सगळं जमलं तरी जागेचा प्रश्न उरतोच. माझी डिकी छत बंद असताना ३१० लिटर, छत उघडून आत घडी घातली की १८० लिटर. चाक ठेवलं की छत उघडायचं विसरा. आणि पंक्चर झालेलं मागचं रुंद चाक कुठे ठेवणार? सीटा दोनच. ते शेजारच्याच्या मांडीवर जातं. आमच्या घरात या विषयावर एकदाच चर्चा झाली.

म्हणून मी स्टेपनीचा नाद सोडला आणि एक पिशवी केली. तिच्यात काय काय आहे:

- गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा हवेचा पंप. वायर मागच्या चाकापर्यंत पोचते का, हे घरीच बघा. माझी पहिली पोचत नव्हती.
- ट्यूबलेस पंक्चर काढायचा संच: टोच्या, कानस, रबरी स्ट्रिपा, रबर सोल्यूशन. सोल्यूशनची ट्यूब पडून पडून वाळते, वर्षाला बदला.
- खिळा उपटायला चांगली पक्कड
- सीलंटची बाटली, मुदतीची तारीख बघून
- हवा मोजायचा स्वतःचा गेज
- चाकाच्या लॉक बोल्टची चावी आणि गाडीसोबत आलेला टो-हुक
- डोक्याला लावायची बॅटरी, हातमोजे, रिफ्लेक्टरचा त्रिकोण

पंप चालवताना इंजिन चालू ठेवा, नाहीतर बॅटरी बसेल. खिळा दिसला म्हणून लगेच उपटू नका. हवा हळूहळू जात असेल तर आधी हवा भरा, सुरक्षित जागी जा, मग उपटा. स्ट्रिप फक्त टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागात चालते. कडेला भोक असेल तर काहीही भरू नका. सीलंट मी शेवटचा उपाय मानतो. तो आत सगळीकडे पसरतो, त्यानंतर पंक्चरवाला टायर उघडायला कुरकुर करतो, आणि व्हॉल्व्हला सेन्सर असेल तर तोही बरबटतो. वापरलंत तर दुकानात आधीच सांगा.

कड फाटली तर गाडी उचलूनच न्यावी लागणार. तेव्हा फ्लॅटबेडच, म्हणजे अख्खी गाडी पाठीवर घेऊन जाणारा ट्रकच मागवा. आपल्याकडे हाक मारली की हुक लावून उचलणारी क्रेन आधी येते. मागच्या चाकांवर चालणारी ऑटोमॅटिक गाडी पुढून उचलून ओढली तर गिअरबॉक्सचं नुकसान होतं, आणि खाली बसलेला बंपर जातो तो वेगळाच. विम्याच्या पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्स आहे का, त्यात फ्लॅटबेड किती किलोमीटरपर्यंत मिळतो, हे आजच वाचून ठेवा. राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर १०३३ हा हेल्पलाइन क्रमांक आहे.

३. माप वाचायला शिका

दुकानदारावर सोडू नका. माझ्या गाडीला पुढे २२५/४० आर १८ आणि मागे २५५/३५ आर १८. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे कडेची उंची रुंदीच्या किती टक्के, तिसरा रिमचा व्यास इंचात. हिशेब स्वतः करा. पुढचं चाक: ४५७.२ अधिक दोनदा ९०, म्हणजे साधारण ६३७ मिलिमीटर. मागचं: ४५७.२ अधिक दोनदा ८९.२५, म्हणजे साधारण ६३६. रुंदी वेगळी, पण उंची जवळपास सारखी. मापं ठरवणाऱ्याने ती उगाच ठरवलेली नाहीत.

आता माझ्यासाठी लावलेला सापळा बघा. एका दुकानात सांगितलं, "साहेब, २५५/३५ मिळत नाही, २४५/४० घ्या, बसतो." बसतो हे खरं. पण त्याची उंची ६५३ मिलिमीटर, म्हणजे मुळापेक्षा पावणेतीन टक्के जास्त. पुढची चाकं एका वेगाने फिरणार, मागची दुसऱ्या. एबीएस आणि गाडी घसरू न देणारी यंत्रणा चाकांच्या फिरण्याच्या फरकावरच चालतात. त्यांना कायमचं खोटं सांगायचं का? मी नाही म्हणून निघालो, तर मागून आवाज आला, "कुणाला कळतंय?"

मापापुढे एक आकडा आणि एक अक्षर असतं. आकडा म्हणजे एक टायर किती वजन पेलतो: ८८ म्हणजे ५६० किलो, ९० म्हणजे ६००, ९२ म्हणजे ६३०, ९४ म्हणजे ६७०. अक्षर वेगाचं: व्ही २४०, डब्ल्यू २७०, वाय ३०० किलोमीटर. तुम्ही त्या वेगाने जाणार नाही, मीही नाही. पण कंपनीच्या पुस्तकात आणि दाराच्या स्टिकरवर जे आहे त्याच्या खाली जायचं नाही. वर गेलं तर चालेल.

साधा टायर घेताना एक्सएल लिहिलेला घ्या, हा माझा सगळ्यात ठाम सल्ला. एक्सएल म्हणजे जास्त भार पेलणारा, थोडा दणकट बांधणीचा. रनफ्लॅटच्या कडक कडेची सवय झालेली गाडी एकदम मऊ टायरवर गेली की वळणात स्टिअरिंग फिरवल्यावर अर्धा क्षण काहीच घडत नाही असं वाटतं. एक्सएलने तो फरक बराच कमी होतो.

आणि टायर खरंच साधा आहे का, हे कडेवर वाचा. प्रत्येक कंपनीची रनफ्लॅटची खूण निराळी: ब्रिजस्टोनची आरएफटी, मिशेलिनची झेडपी, कॉन्टिनेंटलची एसएसआर, गुडइयरची आरओएफ, डनलपची डीएसएसटी. बीएमडब्ल्यूने मान्य केलेल्या टायरवर छोटी चांदणी असते, पण चांदणी म्हणजे रनफ्लॅट नव्हे. एका ॲक्सलवर एक रनफ्लॅट आणि एक साधा असं कधीच नको. पुढे एक जात, मागे दुसरी, हेही मी करणार नाही. बदलायचे तर चारही. खर्च जड जातो, माहीत आहे. मीही दोन हप्त्यांत भागतंय का ते पाहिलं होतं.

४. जुने टायर आतून बघा

नवे घेण्याआधी गाडी लिफ्टवर चढवून टायरची आतली कड बघा. बाहेरून माझ्या मागच्या टायरांना चांगली ४ मिलिमीटर नक्षी होती. आतल्या कडेला तारा निघाल्या होत्या. उभ्या गाडीकडे बघून हे कधीच दिसलं नसतं. या गाड्यांची मागची चाकं वरून किंचित आत झुकलेली असतात, त्यात सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी बुश झिजले की आतली कड कानशीसारखी घासली जाते. कारण न शोधता नवे टायर घातलेत तर तेही त्याच वाटेने जातील. मी आधी बुश बदलले, मग टायर मागवले. नक्षीची कायदेशीर मर्यादा १.६ मिलिमीटर आहे आणि खाचेतल्या रबरी उंचवट्यांवरून ती कळते. पण आपल्याकडच्या पावसात मी ३ मिलिमीटरलाच टायर उतरवतो.

५. कुठला टायर?

ब्रँडवर मारामाऱ्या होतात, त्यात मी पडत नाही. कसा चालवता ते सांगा. जून ते सप्टेंबर यवतेश्वरच्या घाटात आणि केळघरला पाणी रस्त्यावरून वाहतं, वर धुकं. मला ओल्या रस्त्यावरची पकड पहिली हवी, आवाज दुसरा, टिकाऊपणा तिसरा. टायरच्या कडेवर ट्रॅक्शनचा, म्हणजे पकडीचा दर्जा लिहिलेला असतो, डबल ए सगळ्यात वरचा, आणि तो ओल्या रस्त्यावरच्या सरळ ब्रेकिंगचाच असतो. त्याच्याच शेजारी ट्रेडवेअरचा, म्हणजे टायर किती हळू झिजतो त्याचा आकडा असतो. तो एकाच कंपनीच्या दोन टायरांत तुलना करायला ठीक, दोन कंपन्यांत त्याचा फारसा उपयोग नाही. ट्रॅकसाठीचे अगदी मऊ टायर सातारा-पुणे करायला घेऊ नका, एका वर्षात रडाल.

६. खरेदी आणि कागद

अशी मापं कमी मिळतात. जून २०२० पासून टायरची आयात परवान्याखाली आली, त्यामुळे बाहेरचा माल हवा तेव्हा हजर नसतो. फुगा आल्यावर शोधायला लागू नका, नक्षी ४ मिलिमीटरवर आली की चौकशी सुरू करा.

टायर हातात आला की पैसे देण्याआधी कडेवरचा चार आकडी शिक्का बघा. १८२५ म्हणजे २०२५ सालचा अठरावा आठवडा. चारही टायर साधारण एकाच काळातले हवेत. वर्षाहून जुना मी घेत नाही. हा शिक्का कधी कधी टायरच्या एकाच बाजूला असतो, उलटून बघा. आयएसआय खूणही बघा. इथल्या विक्रीला ती लागते.

जुनं कोटेशन हातात असेल तर नवीन मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे.

जपून ठेवायचे कागद थोडेच: जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर प्रत्येक टायरचा सिरियल नंबर, वॉरंटी कार्ड, अलाइनमेंटचा आधीचा आणि नंतरचा छापील कागद. दुकानात जाताना दाराच्या स्टिकरचा फोटो आणि गाडीचं पुस्तक न्या. बिलावर माप पूर्ण लिहून घ्या, "१८ इंची टायर ४ नग" असं नाही.

७. बसवण्याचा दिवस

रनफ्लॅट उतरवणं हे बसवण्यापेक्षा अवघड. कड इतकी ताठ असते की साध्या मशीनवर मुलं टॉमी घालून जोर लावतात. माझ्या पहिल्या रिमला अशीच बोटभर ओरखड काढून मिळाली. दुकानाचं नाव सांगत नाही, पण त्या दिवशी मी बाहेर चहा पीत होतो हे सांगतो. तुम्ही तिथेच उभे राहा. मशीनला टायर दाबून धरणारा जादा हात आहे का, हे आधी विचारा. नसेल तर पुण्याला जाणं परवडतं.

जॅक लावायच्या ठरलेल्या चार जागा खाली असतात, तिथे चौकोनी रबरी गुटके दिसतील. दुसरीकडे लावू देऊ नका. टायरवर आत आणि बाहेर अशा खुणा असतील तर त्या पाळल्या का, बाण असेल तर फिरण्याच्या दिशेने आहे का, हे बघा. व्हॉल्व्ह नवे घाला. बॅलन्सिंगला चिकटणारी वजनं आतल्या बाजूने, ठोकायची क्लिप नको. बोल्ट शेवटी एअर गनने नव्हे, टॉर्क रेंचने, म्हणजे मोजून जोर लावणाऱ्या पान्याने आवळायचे. माझ्या गाडीला १२० न्यूटन-मीटर. गनने ठोकलेला बोल्ट रात्री पावसात तुमच्या हाताने सुटणार नाही.

अलाइनमेंट त्याच दिवशी करा. या कंपनीच्या पद्धतीत टाकी भरलेली आणि सीटवर ठरावीक वजन ठेवून मोजमाप घेतात. विचारलंत तर दुकानदार हसेल. हसू द्या. मी खताची पोती घेऊन गेलो होतो.

पुढची-मागची मापं वेगळी असल्यामुळे चाकांची पुढे-मागे अदलाबदल होत नाही. कुणी दर पाच हजारांनी रोटेशन सुचवलं तर ते दुसऱ्या गाडीसाठी.

८. पहिले काही दिवस

हवा दाराच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना, म्हणजे सकाळी घरून निघण्याआधी. तिथून सुरुवात करा. गाडी फारच लोळते वाटलं तर २ पीएसआय वाढवून बघा, त्याहून जास्त नको. तापमान दहा अंश सेल्सिअसने वाढलं की हवा साधारण दीड ते दोन पीएसआय वाढते. पहाटे साताऱ्यात भरलेली हवा दुपारी पुण्यात ४ पीएसआय जास्त दिसेल. पंपावरचा पोरगा म्हणेल, "जास्त आहे, काढतो." काढू देऊ नका.

हवेची सूचना देणारी यंत्रणा रीसेट करायला विसरू नका. ती दोन प्रकारची असते. एकीत प्रत्येक चाकात सेन्सर असतो. दुसरी चाकांच्या फिरण्याच्या वेगावरून अंदाज बांधते आणि रीसेटनंतर थोडं चालवल्यावर शिकते. ही दुसरी यंत्रणा चारही टायरांची हवा सारखीच उतरली तर गप्प बसते. आता तुमच्याकडे रनफ्लॅट नाहीत, त्यामुळे महिन्यातून दोनदा गेज हातात घ्याच.

पहिले दोन-तीनशे किलोमीटर सबुरीने. नव्या रबरावर साच्यातून सुटण्यासाठी लावलेला थर असतो, तो घासून जाईपर्यंत पकड कमी असते. बोल्ट पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क रेंचने तपासा.

स्टिअरिंगची धार थोडी कमी होईल, तुम्हाला आठवडाभर रुखरुख लागेल. मग एके दिवशी वाढे फाट्याच्या अलीकडच्या खडबडीत पट्ट्यावर शेजारी बसलेलं माणूस बोलत राहील आणि तुम्हाला ऐकू येईल.

९. जुन्या टायरांचं काय?

फुगा आलेला किंवा तारा निघालेला टायर कुणालाही, फुकटसुद्धा, गाडीसाठी देऊ नका. त्याची कड कापून टाका आणि भंगारात घाला. माझा चांगला उरलेला टायर एकच निघाला. एका पाहुण्यांनी तो बैलगाडीला लागेल का विचारलं. १८ इंची रिमसकट मागत होते. तो अजून गोदामात पडून आहे.